आडव्या झाडांचं जंगल

गोष्टीतल्या जंगलात झाडं आडवी का असतात, हे रुंजीने विचारलं तेव्हा ज्योत्स्नाबाई आमरस गाळत होत्या.

“आडवी म्हणजे?”

“आडवी म्हणजे आडवी. झोपलेली, एकावर एक.” रुंजी ओट्याला टेकून कोय चोखत होती आणि रसाचा ओघळ तिच्या कोपरापर्यंत पोचला होता. “तो मुलगा हरवतो ना जंगलात, तेव्हा दोन्हीकडे झाडं रचलेली असतात. घराएवढी उंच. मधे बारीक वाट. आणि झाडांच्या बुडाला हातोडीने ठोकलेले छाप असतात. आई म्हणते, खरी झाडं उभी असतात. मग गोष्टीतली का नसतात गं?”

ज्योत्स्नाबाईंचा हात गाळणीवर तसाच राहिला.

ते जंगल त्यांच्या ओळखीचं होतं. परतवाड्याचा लाकूड डेपो होता तो. मेळघाटातून खाली आणलेल्या सागाचे ढीग, ओंडक्यांच्या कापल्या तोंडावर वनखात्याच्या हातोडीचे छाप, आणि दोन ढिगांमधली अरुंद फट. त्यांचे वडील तिथे कारकून होते. साठ-पासष्ट वर्षं झाली त्याला. तो डेपो पुढे उठून गेला, तिथे घरं झाली. रुंजीने तो पाहणं शक्यच नव्हतं. त्यांच्या लेकीने, म्हणजे रुंजीच्या आईने, सईनेसुद्धा तो पाहिला नव्हता.

“कोणत्या गोष्टीत आहे हे जंगल?”

“सगळ्याच,” रुंजी म्हणाली. “तू वाचलेल्या सगळ्याच.”

ज्योत्स्नाबाईंनी गाळणी खाली ठेवली. गाळणीतून निसटायला नको ते निसटलं होतं, हे त्यांना तेव्हाच कळलं. फक्त ती गाळणी रसाची नव्हती.

*

अमरावतीतल्या एका प्राथमिक शाळेत ज्योत्स्ना गावंडे यांनी आयुष्य काढलं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की इतर शिक्षक गावी जात. बाई मात्र शाळेचा कोपऱ्यातला वर्ग उघडत. खिडकीला वाळ्याचा पडदा, फरशीवर पाणी शिंपडलेलं, आणि मध्ये पुस्तकांची पेटी. मुलं यायची ती गारव्यासाठी. पालथी पडायची, हात लांबवून मिळेल ते पुस्तक ओढायची आणि मग दुपार कुठे गेली हे त्यांना कळायचं नाही. चार वाजता बाई कोकमाचं सरबत द्यायच्या आणि प्रत्येकाला एकच विचारायच्या, “कुठपर्यंत गेलास?” गोष्टीचं तात्पर्य वगैरे त्यांनी कधी विचारलं नाही.

मग मुलं कमी होत गेली. कुणी भांडून गेलं नाही. वर्ग आपला रिकामा होत गेला, माठ झिरपत रिकामा होतो तसा. पुढे उन्हाचा कहर वाढला आणि सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत मुलांना बाहेर काढायचं नाही, असा ऊनबंदीचा नियम आला. मुलं घरात कोंडली गेली, तरी पुस्तकं उघडेनात. उघडली तर ओळ संपायच्या आत डोळे भटकायचे. शाळांनी सुट्टीत वीस पुस्तकं वाचायची अट घातली, बक्षिसं लावली, आईबापांनी धमक्या दिल्या. काही उपयोग झाला नाही.

आणि मग वाचनमुद्रा आली.

बाईंकडे ती घेऊन आली किमया राऊत, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. मेंदूच्या अभ्यासात तिने नाव काढलं होतं.

“बाई, ओळखलंत का? पालथी पडून वाचता वाचता झोपायची ती.”

“पुस्तकावर लाळ गाळायचीस.”

“तीच मी.” किमया हसली. मग तिने समजावून सांगितलं. माणूस वाचतो तेव्हा मेंदूत दोन कामं होतात. पहिलं कष्टाचं : डोळ्यांनी टिपलेल्या खुणांचे शब्द करायचे. त्यासाठी डोक्याच्या डाव्या बाजूला मागे एक लहानशी जागा आहे, ती वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होते. दुसरं काम त्या शब्दांची चित्रं करायचं. ‘नदी’ असा शब्द आला की मेंदू आपल्या साठ्यातून थोडं पाणी, थोडी वाळू, एखादा काठ काढतो आणि नदी उभी करतो. आताची मुलं पहिल्या कामातच दमतात आणि दुसऱ्यापर्यंत पोचतच नाहीत.

“म्हणून आम्ही पहिलं काम बाजूला ठेवतो,” किमया म्हणाली. “मुरलेला वाचक पुस्तक वाचतो, तेव्हा त्याच्या डोक्यात जी चित्रं उमटतात त्यांचा ठसा आम्ही घेतो. ती झाली मुद्रा. मुलाच्या डोक्याला मऊ पट्टा लावायचा, डोळे मिटायचे. पट्टा बारीक कंपनांनी तीच चित्रं त्याच्या मेंदूत जागी करतो. आंघोळीला लागतो तेवढ्या वेळात पुस्तक होतं. आणि मुलाला आठवतं ते आपण स्वतः वाचल्यासारखं.”

“म्हणजे आपण चावलेला घास त्याला भरवायचा.”

“बाई, मुलं उपाशी आहेत.”

आपल्या हातची चव लागली तर मूल उद्या स्वतः ताट ओढून घेईल, एवढी आशा बाईंनी धरली आणि त्या मुद्रावाचक झाल्या.

मुद्रा घ्यायची खोली ध्वनिमुद्रणाच्या खोलीसारखी होती, गार आणि मुकी. पहिल्याच दिवशी बाईंनी स्टँडवरचं पुस्तक फिरवून उलटं ठेवलं. अक्षरं डोक्यावर उभी.

“बाई, हे काय?” काचेपलीकडून किमया म्हणाली.

“मी असंच वाचायला शिकले. मुलांची गोष्ट मला सुलट वाचताच येत नाही. रंगत नाही.”

किमया खो खो हसली. “उभं, आडवं, कसंही धरा. अक्षरं आम्ही घेतच नाही. त्यानंतर जे दिसतं ते घेतो.”

वाचकाच्या खासगी आठवणी मुलांपर्यंत जाऊ नयेत म्हणून मधे एक गाळणी होती. किमयाच्या माणसांनी तिला नावच ‘गाळणी’ असं दिलं होतं. स्वतःची आठवण वर येते तेव्हा मेंदूच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग उजळतो. ती खूण दिसली की गाळणी ते चित्र अडवते आणि त्याच्या जागी साधंसं, कुणाचंच नसलेलं चित्र बसवते. बाईंना हे लगेच समजलं. डेपोच्या फाटकावर सरकारी छापाचा ओंडका परवान्याशिवाय बाहेर जाऊ देत नसत, तसंच हे.

त्यांनी तीन उन्हाळे मुद्रा दिल्या. राज्यभर ‘गावंडे आजींच्या गोष्टी’ पट्ट्यांवर लागू लागल्या. त्यांच्या मुद्रा सगळ्यात दाट उमटतात असं किमया म्हणायची. का, ते तिला सांगता येत नव्हतं.

*

“आणि ताई का असते प्रत्येक गोष्टीत?” त्याच दुपारी जेवताना रुंजीने विचारलं.

“कोण ताई?”

“अगं, ती समोर बसलेली असते ना. राजकन्या असली तरी तीच, परी असली तरी तीच. बाकीची माणसं बदलतात, ती नाही बदलत.”

“कशी दिसते?”

“दोन वेण्या. एक सुटलेली असते नेहमी. पुढच्या दाताचा तुकडा पडलाय.” रुंजीने पोळीचा तुकडा रसात बुडवला. “आणि हसायच्या आधी ती नाक असं मुरडते.” आणि रुंजीने नाक मुरडून दाखवलं.

ज्योत्स्नाबाई उठून पाणी प्यायल्या. नाक मुरडणं त्या विसरल्या होत्या. म्हणजे विसरल्या आहेत हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

संध्याताई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. परतवाड्याच्या वाचनालयातून एका घराला एका वेळी एकच पुस्तक मिळायचं, आणि घरी पाहुण्यांचा राबता. मग दोघी बहिणी डेपोत पळायच्या. ढिगांमधली ती फट इतकी अरुंद की शेजारी शेजारी बसता यायचं नाही. समोरासमोर बसायचं, पाठी सागाला टेकवून, पाय एकमेकींत अडकवून. पुस्तक ताईच्या गुडघ्यावर. ज्योत्स्नाला ते उलटं दिसायचं आणि ती तसंच वाचायला शिकली. शाळेत गेल्यावर तिने पाठ्यपुस्तक फिरवून धरलं म्हणून मास्तरांनी कान पिळला होता.

ताई भरभर वाचायची. पान संपलं की त्याचा कोपरा चिमटीत धरून थांबायची. “झालं?” ती विचारायची. ज्योत्स्नाने “झालं” म्हटल्याशिवाय पान उलटायचं नाही, असा नियम होता. ज्योत्स्ना पुष्कळदा खोटं बोलायची. झालेलं असूनही म्हणायची, “थांब, अजून नाही झालं.” पुस्तक पुरवायचं असायचं.

“काहून गं ज्योते, मुंगी आहेस का?” ताई म्हणायची. “एका अक्षरावरून दुसऱ्यावर चढायला किती वेळ!”

ताईच्या बाराव्या वर्षी सुट्टीतलं पुस्तक अर्धंच झालं होतं, तोच पाऊस लागला आणि तिला मेंदूज्वर झाला. अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. तिचा धड फोटोही राहिला नाही. शाळेच्या एका सामूहिक फोटोत ती होती, पण नेमकी तेव्हाच तिने मान फिरवली होती.

सुट्टीतलं ते अर्धं पुस्तक वडिलांनी वाचनालयात परत करून टाकलं.

*

सई रोज पुण्याहून फोन करायची. रुंजीला सुट्टीसाठी आईकडे सोडताना तिने बजावलं होतं, “आई, वीस मुद्रा झाल्याच पाहिजेत. मुद्रा नसलेली मुलं वर्गात नुसती तोंडाकडे बघत बसतात.” तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी नाक उडवलं होतं. “पट्टा काढून ठेव. मी तिला खरं पुस्तक हातात देते,” असं त्या म्हणाल्या होत्या आणि कपाटातली पुस्तकं पुसून ठेवली होती.

आता फोनवर त्या म्हणाल्या, “होतील हो वीस. तिसाकडे जाऊ.”

“तू बरी आहेस ना?” सईने विचारलं.

दुपारी ऊनबंदीचा भोंगा झाला की कूलरमध्ये पाणी भरायचं, चटई अंथरायची आणि रुंजीला पट्टा लावायचा, असा क्रम पडला. रुंजी डोळे मिटायची. तिच्या पापण्यांखाली बुबुळं हलायची आणि ज्योत्स्नाबाई तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या, बंद खिडकीला डोळे लावून आत बघावं तशा.

“आज काय घातलं होतं तिने?”

“निळा फ्रॉक. खिसा उसवलेला.”

“त्या खिशात बोरं असायची,” ज्योत्स्नाबाई म्हणायच्या. “आणि? बोलली काही?”

“ती बोलत नाही आजी. कोपरा धरून बसते.”

“कोपरा?”

“पानाचा.”

असं कितीतरी मिळत गेलं. ताईच्या पायातला काळा दोरा. गुडघ्यावरचा खरचटल्याचा डाग. कानामागे पेन्सिल अडकवायची सवय. एकदा रुंजी म्हणाली की ताईच्या एका डोळ्यात तांबूस ठिपका आहे, आणि ज्योत्स्नाबाई स्वयंपाकघरात जाऊन उगीचच डबे पुसत राहिल्या. कपाटातली पुस्तकं कपाटातच राहिली.

एका दुपारी पट्टा काढल्यावर रुंजी नेहमीसारखी बोलेना. चटईची काडी उपसत बसली.

“काय गं? सांग ना.”

“आजी, तू मला गोष्ट विचारतच नाहीस.”

“विचारते की.”

“नाही. फक्त ताईचं विचारतेस. माकडाने मगरीला कसं फसवलं, त्याचं तुला काहीच नाही.” तिने ओठ पुढे काढला. “आणि मला आता पट्टा नको. डोकं जड होतं.”

“एकच लाव. आजच्यापुरतं.”

हे शब्द आपल्या तोंडून आले, ते ज्योत्स्नाबाईंनी ऐकले. तरीही त्यांचा हात पट्ट्याकडे गेलाच.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, किमया आली. तिने सोबत मुलांनी काढलेली चित्रं आणली होती. नांदेडच्या, सांगलीच्या, पालघरच्या मुलांची. सगळ्या चित्रांत जंगल होतं आणि सगळ्या जंगलांत झाडं आडवी होती. कोपऱ्यात एक दोन वेण्यांची मुलगी. एक सुटलेली.

“आमची गाळणी फसली,” किमया म्हणाली. “कशी, ते शोधायला महिना गेला. बाई, ही मुलगी कोण?”

बाईंनी सांगितलं. किमयाने चित्रातल्या वेण्यांवर बोट फिरवलं.

“मग बरोबर आहे. आठवण नवी असते तेव्हा तिच्यावर तो छाप असतो, हिप्पोकॅम्पसचा. पण एखादं चित्र तुम्ही वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बाहेर काढलंत, वेगवेगळ्या गोष्टींत घातलंत, तर हळूहळू त्याला तो भाग लागेनासा होतो. ते मेंदूभर पसरतं. ते आठवण राहत नाही, तुमची कल्पना करायची पद्धतच होऊन बसतं. तुम्ही वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात ताईंना समोर बसवलंत. गाळणीला वाटलं, ही कुणी खरी व्यक्ती नव्हेच.”

“वापरून वापरून छाप पुसला गेला.”

“हो. आणि म्हणूनच तुमच्या मुद्रा दाट उमटतात.” किमयाने चित्रं गोळा केली. “आता प्रश्न असा आहे. मुलांना या ताई आवडतात. आईबापांची एक तक्रार नाही. उलट ताई नसलेली मुद्रा दिली तर मुलं विचारतात, ती आज आली नाही का. आम्हाला यंदा तुमच्या आणखी मुद्रा हव्यात. एक सांगायला हवं : मुलाच्या डोक्यातली मुद्रा वर्षभरात विरते, आणि तीच पुन्हा लावली तर फिकी उमटते. दर उन्हाळ्यात नवी लागते. तुम्ही वाचत राहिलात तर ताई राहतील. थांबलात तर पुढच्या सुट्टीपर्यंत मुलांच्या डोक्यातून जातील.”

“किती मुलं आहेत?”

“लाखावर.”

ज्योत्स्नाबाईंनी डोळे मिटले. फोटोतही मान फिरवून बसलेली त्यांची ताई लाखभर घरांत, लाखभर चटयांवर, पानाचा कोपरा धरून बसली होती. बाराव्या वर्षी गेलेल्या पोरीला याहून मोठं आयुष्य कुणी दिलं असतं?

“दोन दिवसांनी सांगते,” त्या म्हणाल्या.

*

त्या दुपारी त्यांनी पट्टा आणला नाही. रुंजीला जवळ घेऊन म्हणाल्या, “आज तू मला गोष्ट सांग. तुझ्या मनातली.”

“मनातली कुठली?”

“कुठलीही. एक घर आहे, असं धरू. त्या घराला दार आहे. दार उघडलं. आत काय आहे?”

रुंजीने डोळे मिटले. बराच वेळ गेला. कूलरचा पंखा करकरत होता.

“काहीच नाही,” ती म्हणाली.

“नीट बघ. काहीतरी असेल.”

“आजी, तू तिथे पाहिलंच नाहीस ना. मग मला कसं दिसणार?”

ती हे तक्रारीने म्हणाली नाही. नळाला पाणी नाही म्हणावं तसं साधेपणाने म्हणाली. ज्योत्स्नाबाईंनी दुसरीकडून जाऊन पाहिलं.

“बरं. त्या घरात एक आई आहे. ती कशी आहे?”

हे रुंजीला लगेच दिसलं. “जाड आहे. हिरवं पातळ. हाताला पीठ लागलेलं, आणि कपाळावर गोंदलेलं.”

ती ज्योत्स्नाबाईंची स्वतःची आई होती. डेपोच्या क्वार्टरमध्ये भाकरी थापणारी.

“आणि तुझी आई? सई? ती नाही येत गोष्टीत?”

रुंजीने आठवून पाहिलं, मग मान हलवली. “आई फोनवर असते. गोष्टीत नसते.”

सई रुंजीच्या रोजच्या जगण्यात होती, पण तिच्या गोष्टीत तिला जागाच उरली नव्हती. तिथे सागाचे ढीग रचलेले होते, हिरव्या पातळातली एक बाई भाकरी थापत होती, आणि एक मुलगी वाट अडवून बसली होती. उद्या ही पोर म्हातारी होईल, हिला कुणाची तरी आस लागेल, तेव्हा ती डोळे मिटेल आणि तिला काय दिसेल? दुसऱ्याची बहीण. स्वतःचं एकही माणूस हिच्या पुस्तकांत राहायला आलेलं नसेल.

आपण आपल्या ताईला प्रत्येक पुस्तकात नेऊन बसवलं, ते आपलं आपण. कुणी पट्टा लावून दिली नव्हती ती. ती फट, तो सागाचा वास, उलटी अक्षरं, खोटं खोटं ‘अजून नाही झालं’... त्यातून ती आली होती. एवढं एक या पोरीला मिळायला हवं होतं आणि आपण नेमकं तेच तिच्या हातून काढून घेतलं.

त्यांनी किमयाला फोन लावला.

“मी आता वाचणार नाही.”

“बाई, नीट विचार केलात ना? पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ताई कुणालाच दिसणार नाहीत.”

“कळलं मला.”

“जुन्या मुद्रा तरी फिरवून फिरवून लावू का? थोड्या टिकतील.”

ज्योत्स्नाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नको,” त्या म्हणाल्या. “काढून टाका.” आणि मग, न राहवून, “तुझ्याजवळची चित्रं मात्र मला दे. ती सांगलीच्या पोराने काढलेली. त्याने नाक बरोबर काढलंय.”

*

कपाटातून त्यांनी एक पातळसं पुस्तक काढलं. मोठी अक्षरं, थोडी चित्रं. रुंजीला अक्षरओळख होती, पण पुस्तक असं हातात क्वचितच आलेलं. तिने ते मांडीवर घेतलं ते उलटंच.

“अगं, फिरव.”

“पुस्तक असंच असतं ना?”

“माझ्या बाजूने असतं. तुझ्या बाजूने सुलट.” ज्योत्स्नाबाईंना हसू आलं. आपण काय काय पोचवलंय या पोरीत, कोण जाणे.

त्या भिंत आणि दिवाण यांच्या मधल्या सांदीत जाऊन बसल्या. गुडघे कुरकुरले. रुंजी समोर बसली, तिचे पाय त्यांच्या पायांत अडकले.

पहिले दिवस वाईट गेले. एका ओळीला रुंजी तीनदा पाणी प्यायला उठायची. “जोडाक्षरं कोणी काढली?” म्हणून रडली. “पट्ट्याने आत्तापर्यंत दहा झाली असती!” म्हणून पुस्तक फेकलं, आणि ते कूलरच्या टाकीत पडलं. ज्योत्स्नाबाईंनी ते दोरीवर वाळत घातलं. पानं फुगली, नक्षी उठावी तशी. सईला हे कळलं तेव्हा ती चिडली. “आई, वर्गात तिची एकटीची वीस राहतील.”

“राहू देत. एक होईल.”

“एक?”

“तू एकदा ये. तिला तू दिसायला हवी आहेस,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. सईला त्याचा अर्थ लागला नाही, पण आईचा आवाज ऐकून तिने सुट्टी टाकली.

गोष्ट एका मुलीची होती. ती तळ्यावर जाते आणि तिची चप्पल पाण्यात वाहत जाते. त्यात मोठंसं काही नव्हतं. रुंजी बोट फिरवत वाचायची. “ती… का… ठा… काठावर… वा… वाकली.”

“थांब. कशी आहे गं ती?”

सुरुवातीला रुंजी म्हणायची, “ताई.” ज्योत्स्नाबाई काही बोलायच्या नाहीत. त्यांच्या मनाला ते ऐकून गोड वाटायचं आणि त्याची त्यांना लाजही वाटायची. मग एके दिवशी रुंजी म्हणाली, “ताईसारखी, पण दात आहे.” मग वेण्या गेल्या. तळं मात्र रोज थोडं थोडं वाढत होतं. त्यात एक म्हैस आली, ती पुस्तकात नव्हती.

सई आली त्या दिवशी दुपारी ती दिवाणावर आडवी पडून दोघींकडे बघत होती. रुंजी शेवटून तिसऱ्या पानावर पोचली होती.

“आज कशी आहे?” ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

रुंजीने डोळे मिटले. या वेळी तिची बुबुळं शोधत हिंडली नाहीत.

“केस कापलेत. तिला चष्मा आहे आणि तो नाकावरून घसरतोय. खूप घाई आहे तिला.” तिने एक डोळा उघडून दिवाणाकडे पाहिलं, पुन्हा मिटला. “आईसारखं थोडंसं. पण आई नाही. मला माहीत नाही कोण आहे.”

दिवाणावर सईने नकळत चष्मा वर सरकवला.

“मलाही माहीत नाही,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

त्यांनी समोर पाहिलं. सागाचा ढीग नव्हता, निळा फ्रॉक नव्हता. आजवर मुलांचं एकही पुस्तक त्यांनी असं वाचलं नव्हतं, की मान वर केली आणि समोर ती नाही. आता समोर रसाने पिवळी झालेली एक हनुवटी होती आणि ओठ एका जोडाक्षराशी झगडत होते. ज्योत्स्नाबाईंनी तळाची ओळ केव्हाच वाचून संपवली होती, उलट्या बाजूने, सवयीने.

रुंजीही शेवटी तिथे पोचली. तिने सुस्कारा सोडला आणि फुगलेल्या पानाचा कोपरा चिमटीत धरला. पण उलटला नाही. तशीच थांबली आणि वर बघून म्हणाली,

“झालं?”

ते पट्ट्यातून आलं होतं, की तिचं तिलाच सुचलं, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. ज्योत्स्नाबाईंनी पुस्तकाकडे मान खाली घातली. डोळ्यांसमोर अक्षरं विरघळत होती.

“थांब,” त्या म्हणाल्या. “अजून नाही झालं.”